सासूबाईंचं बरोबर आहे, तरी चौदाशेचं घेऊ नका

पत्र: काका, नमस्कार. आम्ही बदलापूरला राहतो. दुसरा मजला, घरात पाच माणसं: आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. गॅलरीला ग्रिल आणि काचा लावून ती बंद केलीय, धुणं तिथेच वाळतं. दहा वर्षांचं टॉप लोड मशीन आता कुरकुरतंय. गेल्या वर्षभरात कपडे जास्तच ओले निघतात, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत, टॉवेलना कुबट वास येतो. दुकानात गेलो तर विक्रेता म्हणाला, १४०० आरपीएमचं फ्रंट लोड घ्या, कपडे ‘ऐंशी टक्के सुकूनच’ बाहेर येतात. तसंच दिसणारं १२०० चं मशीन चार हजारांनी स्वस्त आहे. हे म्हणतात, घ्यायचं तर वरचंच घेऊ. सासूबाई म्हणतात, त्यांच्या जुन्या दोन टबच्या मशीनमधून कपडे आमच्या ऑटोमॅटिकपेक्षा कोरडे निघायचे, तसलंच आणा. जेवताना रोज हाच विषय. आरपीएमने खरंच एवढा फरक पडतो का?
– ओल्या टॉवेलांना कंटाळलेली

ताई,

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. सासूबाईंनी जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे. विक्रेत्याचे ऐंशी टक्के सोडून द्या. आणि तुम्ही १२०० चं घ्या.

आता सासूबाईंकडे वळू, कारण घरात त्यांचं म्हणणं कोणी फारसं मनावर घेत नसणार असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटलं. माझी अर्धी हयात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेली, आणि त्यात दोन टबची मशीनं हाताखालून किती गेली याची मोजदाद नाही. ‘ऑटोमॅटिक आणलं, पण कपडे आमच्या जुन्या ड्रायरसारखे निघत नाहीत हो’ ही तक्रार दर पावसाळ्यात ठरलेली. मीही पहिली काही वर्षं हसून सोडून देत असे. मग एकदा टेप घेऊन बसलो.

गोफण आठवा. ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभा राहून राखणदार गोफण फिरवतो. धोंडा बाहेर पळू बघतो, दोरी त्याला धरून ठेवते. मशीनमध्ये कपडा हा धोंडा आणि ड्रमची भिंत ही दोरी. भिंतीला भोकं असतात म्हणून कपडा अडतो, पाणी निसटतं. ही ओढ किती बसते ते दोन गोष्टींवर ठरतं. गोफण मिनिटाला किती फेरे घेते आणि दोरी किती लांब आहे. फेरे तेवढेच ठेवून दोरी दुप्पट लांब केली तर ओढ दुप्पट होते. दोरी तेवढीच ठेवून फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट होते. म्हणजे फेऱ्यांना महत्त्व जास्त, पण दोरीला अजिबात नाही असं नव्हे. आणि मशीनवर छापलेला आरपीएम म्हणजे नुसते फेरे. दोरी किती लांब, ते स्टिकरवर कुठेच लिहिलेलं नसतं.

आता टेप लावू. आपल्याकडचं साधारण टॉप लोड ऑटोमॅटिक मिनिटाला ७०० ते ८०० फेरे घेतं. टबाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर धरा २५ सेंटिमीटर. सातशे फेऱ्यांना पाण्याच्या थेंबावर बसणारी ओढ त्याच्या वजनाच्या सुमारे १४० पट येते. दोन टबच्या मशीनचा सुकवायचा टब अगदी चिंचोळा, कळशीपेक्षा थोडा मोठा. मध्यापासून भिंत जेमतेम १२ सेंटिमीटरवर. पण तो फिरतो १३०० ते १४०० फेऱ्यांनी. हिशेब केलात तर ओढ येते सुमारे २४५ पट. टॉप लोडच्या पावणेदोन पट! सासूबाईंच्या हाताला जे कळलं होतं ते हेच.

पण म्हणून ‘माझ्या जुन्या मशीनला १३५० होते, म्हणजे ते तुमच्या १२०० च्या फ्रंट लोडपेक्षा भारी’ असं त्या म्हणाल्या, तर तिथे मात्र त्या हरतील. फ्रंट लोडचा ड्रम रुंद असतो, मध्यापासून भिंत २४-२५ सेंटिमीटरवर. त्यात १००० फेऱ्यांना ओढ २७० पटीच्या आसपास येते, १२०० ला ३८५ पट, १४०० ला सव्वापाचशे पट. म्हणजे जुन्या छोट्या टबचे साडेतेराशे आणि फ्रंट लोडचे साडेनऊशे यांची जवळपास बरोबरी. म्हणून लक्षात ठेवा, दोन वेगळ्या जातींच्या मशीनचे आरपीएम शेजारी ठेवून तुलना करायची नाही. बैलगाडीचं चाक आणि सायकलचं चाक यांचे फेरे मोजून कोण पुढे गेलं ते ठरवण्यासारखं होईल ते.

आता यजमानांचा प्रश्न. १२०० वरून १४०० ला गेलं की ओढ ३८५ वरून सव्वापाचशे होते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढते. मग पाणीही तेवढंच जास्त निघायला हवं ना? निघत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

सुती कापडात पाणी दोन ठिकाणी बसलेलं असतं. धाग्याधाग्यांच्या मधल्या फटीत बसलेलं पाणी मोकळं असतं, ते हिसका दिला की सुटतं. सुताच्या तंतूच्या आत मुरलेलं पाणी कितीही गरगर फिरवलं तरी सुटत नाही, त्याला ऊन आणि वाराच हवा. सातशे-आठशे फेऱ्यांनी मोकळ्या पाण्यातलं बरंच निघतं. हजार-बाराशेला उरलेलं बहुतेक निघतं. त्यापुढे मोटार जीव तोडून फिरते आणि हाती येतं अगदी थोडं.

माझा शब्द घेऊ नका, घरी करून बघा. शाळेच्या प्रयोगशाळेत ताणकाटा असायचा तसा, हल्ली प्रवासी बॅग तोलायचा आकड्याचा काटा मिळतो. माझ्याकडे तो आहे, आणि बायको माहेरी गेलेली असताना मी हा उद्योग केला. चार जुने सुती टॉवेल, पिशवीत घालून कोरडे तोलले, दोन किलो भरले. मशीनमध्ये नुसतं धुवून ८०० वर पिळले, तर ३ किलो ४०० ग्रॅम. पुन्हा भिजवून १००० वर, सव्वातीन. पुन्हा १२०० वर, ३ किलो १०० ग्रॅम. शेवटी १४०० वर, जेमतेम तीन किलो. म्हणजे ८०० वरून १२०० ला जाताना ३०० ग्रॅम पाणी कमी झालं आणि शेवटच्या दोनशे फेऱ्यांत १०० ग्रॅम, अर्धा पेला. हाताला तर शेवटच्या दोन टॉवेलांत फरक कळतच नव्हता. तुमचे टॉवेल जाड असले, ड्रम जास्त भरलेला असला, तर आकडे थोडे हलतील; उतरंड मात्र अशीच दिसेल.

माझ्या काट्यावर विश्वास नसेल तर युरोपातल्या मशीनचं लेबल बघा. तिथे पिळण्याचा वर्गच वेगळा छापतात, ए पासून जी पर्यंत. पिळून झाल्यावर कपड्याच्या कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी उरलं, त्यावर हा वर्ग ठरतो. ४५ टक्क्यांच्या आत उरलं तर ए, ४५ ते ५४ बी, ५४ ते ६३ सी, ६३ ते ७२ डी. चौदाशेची मशीनं साधारण बी मध्ये बसतात, हजार-बाराशेची बहुतेक बी-सीच्या सीमेवर किंवा सी मध्ये. म्हणजे तिथल्या चांगल्यातल्या चांगल्या मशीनमधूनही पाच किलो कोरड्या कपड्यांबरोबर दोन-अडीच लिटर पाणी बाहेर येतंच. विक्रेत्याला एकदा शांतपणे विचारा, ‘ऐंशी टक्के सुकून, म्हणजे कशाच्या ऐंशी टक्के?’ उत्तर ऐकायला मला आवडेल.

मग तिकडचे लोक चौदाशे-सोळाशेच्या मागे का असतात? कारण त्यांचा हिवाळा. जर्मनीत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारा, सहा महिने दोरी घराबाहेर बांधायची सोय नसते. बरेचजण कपडे विजेच्या ड्रायरमध्ये टाकतात. एक लिटर पाणी तापवून उडवायला साध्या ड्रायरला साधारण एक युनिट वीज लागते. तेच पाणी मशीनने पिळून काढलं तर त्याला लागणारी वीज त्यापुढे चिल्लर. तिथे प्रत्येक धुण्यामागे पाव लिटर पाणी वाचलं तरी वर्षाच्या बिलात दिसतं. तुमच्याकडे ड्रायर नाही, आणि ऑक्टोबर ते मे बदलापूरचं ऊन फुकट आहे. त्या आठ महिन्यांत तुम्ही ८०० वर पिळलंत की १४०० वर, टॉवेल संध्याकाळपर्यंत पापड होतोच.

प्रश्न राहिला चार महिन्यांचा, आणि तुमचा सगळा जाच तिथेच आहे. म्हणून त्या बंद गॅलरीचं गणित मांडतो.

जुलैत आपल्या भागात हवा साधारण २७ अंश आणि दमटपणा ८५ टक्क्यांच्या घरात. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये फार तर आणखी चार ग्रॅम पाणी मावतं, बाकी ती आधीच भरलेली. पाच किलो कपड्यांत पिळूनही तीन लिटर पाणी आहे असं धरा. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण तीस घनमीटर हवा असते. म्हणजे ते पाणी उडवायला त्या खोलीतली सगळीच्या सगळी हवा पंचवीस वेळा बाहेर जाऊन नवी यायला हवी. आणि तुमच्याकडे काचा लावलेल्या आहेत! हिवाळ्याच्या कोरड्या दुपारी हेच काम पाच हवा-बदलांत होतं. वास येतो तो याच उशिराने. टॉवेल ओला राहतो म्हणून त्यातल्या जिवाणूंना दोन दिवस मेजवानी मिळते, बाकी त्यात गूढ काही नाही.

आता याच गणितात मशीन बसवून बघा. तुमचं जुनं टॉप लोड पाच किलोमागे चार लिटरच्या आसपास पाणी सोडत असणार. १२०० च्या फ्रंट लोडमध्ये ते पावणेतीनवर येईल. सव्वा लिटर कमी, म्हणजे खोलीचे दहा-अकरा हवा-बदल वाचले. हा फरक तुम्हाला पहिल्याच पावसाळ्यात जाणवेल, आणि म्हणून मी म्हणालो की यजमानांचं अर्धं बरोबर आहे. १२०० वरून १४०० ला गेलात तर आणखी पाव लिटर, दोन हवा-बदल. तेवढं काम गॅलरीची एक काच सरकवून आणि टेबलफॅन अर्धा तास जास्त चालवून होतं. चार हजारांत टेबलफॅन येतो, छताला टांगायचा पुलीचा हँगर येतो, आणि वर आठवडाभराची मासळी.

आमच्या आजीकडे फॅन नव्हता. शेगडीत निखारे, त्यावर वेताची पाटी पालथी, आणि पाटीवर बाळाची दुपटी. त्या दुपट्यांना धुराचा जो मंद वास यायचा तो मला अजून आवडतो. पण तुम्ही सोसायटीत राहता, हा सल्ला म्हणून घेऊ नका.

आरपीएमबद्दल विक्रेता एक गोष्ट सांगत नाही. दारावर १४०० लिहिलेलं असलं तरी मशीन सगळ्या धुण्याला चौदाशेने पिळत नाही. तो वेग बहुतेक सुती कपड्यांच्या प्रोग्रॅममध्येच मिळतो, तोही शेवटची थोडी मिनिटं. सिंथेटिकचा प्रोग्रॅम लावलात की मशीन स्वतःच खालच्या वेगावर राहतं. पंधरा-वीस मिनिटांचा झटपट प्रोग्रॅम रोज वापरणारी घरं मी पाहिलीत, त्यांनी वेगासाठी मोजलेले पैसे पुस्तिकेतच राहतात. शिवाय ड्रममध्ये तोल नसेल तर मशीन वेग घेतच नाही. एकटी बाथमॅट टाका, किंवा एकटी जाड चादर. ती एका बाजूला गोळा होऊन बसते, मशीन दोन-चारदा झुलवून बघतं आणि शेवटी कमी वेगावरच आटपतं, नाहीतर दिवा लावून थांबतं. लोकांना वाटतं बिघडलं. दोन टॉवेल सोबतीला टाका, सुतासारखं चालतं. गोधडी तर मशीनला देऊच नका. थरांत पाणी धरते, लोळा होतो, आणि बेअरिंग हाय खातं.

आणि पावसाळ्यातली एक चूक, ती मात्र जपून ऐका. मुलांचे चिखलाचे रेनकोट, किंवा गादीवर घालायचं प्लास्टिक लावलेलं आवरण मशीनमध्ये पिळायला टाकू नका. त्यात पाण्याची पखाल होते. भोकांतून पाणी निघू शकत नाही, ड्रम वेगात आला की ते सगळं एका अंगाला झेपावतं आणि मशीन उडी मारतं. मी अशा एका मशीनचा वरचा पत्रा फाटलेला पाहिलाय. रेनकोट बादलीत बुचकळून दोरीवर टाका, त्याला पिळायची गरजच काय.

पॉलिस्टरचे गणवेश, टेरिकॉटच्या पँट, नायलॉनचे मोजे, हे असंही फारसं पाणी धरत नाहीत. त्यांना ८०० पुष्कळ झाले. जास्त वेगाने पिळलेत तर सुरकुत्या अशा पक्क्या बसतात की इस्त्रीवाला तोंड वाकडं करेल. मुलांचे सुती शर्टही १००० च्या वर नेऊ नका, आणि मशीन थांबल्या-थांबल्या बाहेर काढून झटकून टांगा. तासभर ड्रममध्ये पडलेल्या शर्टाची इस्त्री म्हणजे डोकेदुखी. १२०० राखून ठेवायचे ते टॉवेल, चादरी, जीन्स आणि बनियन यांच्यासाठी. सासूबाईंच्या सुती साड्यांना ६०० ते ८००. पैठणीचं विचारलं नाहीत म्हणून मी तुमचा आभारी आहे.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा एवढं बघा: वेग कमी-जास्त करायचं बटण वेगळं आहे का आणि नुसतं पिळायचा प्रोग्रॅम आहे का. वेगाचं बटण नसेल तर १४०० काय नि १२०० काय, सगळं मशीनच्या मर्जीवर. नुसतं पिळायचा प्रोग्रॅम असला तर पावसाळ्यात टॉवेल धुऊन झाल्यावर पुन्हा एकदा पाच-सात मिनिटं पिळून घेता येतात, थोडं आणखी पाणी जातं. पाच माणसांना सात-आठ किलोचं मशीन ठीक. त्यापेक्षा लहान घेतलंत तर तुम्ही ते ठासून भरणार, आणि ठासून भरलेला ड्रम धूही नीट शकत नाही, पिळूही. कपड्यांच्या वर हात आडवा जाईल एवढी मोकळी जागा ठेवा. आणि हो, तो विक्रेता ‘वॉशर-ड्रायर’कडेही ओढेल, एकाच मशीनमध्ये सगळं. त्याला विचारा, धुवायला किती किलो आणि सुकवायला किती. दुसरा आकडा नेहमी लहान निघतो. आठ किलो धुवायचं, त्यातलं अर्धं काढून ठेवायचं, उरलेलं दोन-तीन तास सुकवायचं, मग पहिलं अर्धं घालायचं. तान्हं बाळ असलेल्या घराला ते वरदान वाटेल. तुमच्याकडे शाळेतली मुलं आहेत, तुम्हाला त्याचा वैताग येईल.

टॉप लोडवर ‘एअर ड्राय’ असं बटण दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की टब फिरताना आतून हवा खेळती ठेवतात. हवा जुलैतली असेल तर तिच्यात किती पाणी मावतं ते वर आलंच आहे.

बरं, सासूबाईंचं दोन टबचं मशीन घ्यायलाही माझी हरकत नसती. स्वस्त, मेकॅनिक कुठेही मिळतो, पाणी कमी दाबाने येत असेल तरी चालतं, आणि कपडे टॉप लोडपेक्षा कोरडे. पण तो छोटा टब एका वेळी धुण्याचा जेमतेम अर्धा वाटा घेतो, ओले जड कपडे हाताने उचलून इकडून तिकडे टाकायचे, वर जाळी दाबून बसवायची, नाही बसली की टब धडधडतो. हे काम घरात कोण करणार, ते पत्रात आलेलं नाही. सासूबाई करणार असतील तर त्यांच्या कमरेला विचारा, आणि तुम्ही करणार असाल तर त्यांच्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. अजून एक. त्या टबचं झाकण उघडलं की ब्रेक लागून तो काही सेकंदांत थांबायला हवा. जुन्या मशीनचा ब्रेक झिजतो, टब फिरत राहतो आणि लोक घाईने हात घालतात. बोट गेलेली माणसं मला माहीत आहेत.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला बोचतंय: गेल्या वर्षभरात कपडे जास्तच ओले निघतात. आरपीएम वयाबरोबर असा आपोआप उतरत नाही. मशीन गेलं म्हणायच्या आधी पाणी बाहेर टाकणारा पाइप बघा, मागे भिंतीत दबून चिमटला असेल, किंवा आत केस आणि धाग्यांचा बोळा असेल. पाणी पूर्ण निघालं नाही तर टब त्या पाण्यातच फिरत बसतो, वेग घेणार कुठून? साबणही बघा. हातधुण्याची साधी पावडर, तीही मूठभर, टाकली की फेस होतो, आणि फेसातला टब चिखलात रुतलेल्या चाकासारखा फिरतो. बेल्ट असलेलं मशीन असेल तर तो सैल पडलेला असू शकतो, फार खर्चाचं काम नाही. हे सगळं ठीक असूनही पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर येत असेल, तर सीलमधून पाणी झिरपून बेअरिंग गेलंय. दहा वर्षांच्या मशीनवर तो खर्च मी स्वतः करणार नाही. पण पाइपच चोंदलेला निघाला, तर यंदाचा पावसाळा याच मशीनवर काढून दिवाळीच्या सवलतीत नवं घ्या.

टॉवेलांना आलेला वास जायला नवं मशीन पुरणार नाही, तो जुना वास आहे. एकदा गरम पाण्यावर, ६० अंशांवर धुऊन काढा, सॉफ्टनर बंद करा, आणि दुहेरी घडी घालून दोरीवर टाकू नका. एकेरी पसरा, दोन टॉवेलांत वीतभर अंतर ठेवा. जीन्स उलटी करून कमरेकडून टांगा, खिसे बाहेर काढून. गॅलरीच्या काचा पाऊस नसेल तेव्हा समोरासमोर उघडा म्हणजे वारा आरपार जाईल. आणि धुणं सकाळी लावा. रात्री मशीन लावून झोपणारी माणसं सकाळी ड्रममध्ये आंबलेले कपडे काढतात आणि पुन्हा आरपीएमला नावं ठेवतात.

मशीन घरी आलं की बसवायला येणाऱ्या मुलाच्या मागे उभ्या राहा. फ्रंट लोडच्या पाठीला प्रवासात ड्रम हलू नये म्हणून तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात, ते काढल्याशिवाय मशीन चालवायचं नसतं. माझ्या स्वतःच्या घरी बसवायला आलेला पोरगा चहा पिऊन, सही घेऊन गेला, बोल्ट जागेवरच. मीही त्या दिवशी लग्नाच्या घाईत, बघितलं नाही. पहिल्याच धुण्याला पिळायची वेळ आली आणि मशीन मोरीतून चालत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. खालच्या मजल्यावरचे काका वर आले ते भूकंपाची चौकशी करायला. चाळीस वर्षं मोटारींत घालवलेला माणूस हा, मला लाज वाटली. तेव्हा बोल्ट काढून घ्या, मग मशीनवर पाणसळ ठेवून चारही पाय समतोल लावून घ्या. गवंड्याकडे असते ती, मागितली तर देईल. नसेल तर ताटलीत पाणी घालून वर ठेवा, ते एका काठाला सरकतंय का बघा. बाराशे फेऱ्यांना पाय एक सूत वर-खाली असेल तरी सगळी इमारत जागी होते, आणि तुमच्या खाली कोणीतरी दुपारी झोपत असणारच.

काढलेले बोल्ट फेकू नका. घर बदलताना, किंवा मशीन गाडीतून कुठे न्यायचं झालं तर ते परत लावावे लागतात, आणि नेमके तेव्हा सापडत नाहीत. एका पिशवीत घालून सासूबाईंकडे द्या. दहा वर्षांपूर्वीचे कपडे किती कोरडे निघायचे ते ज्यांच्या लक्षात आहे, त्यांच्याकडून बोल्ट हरवायचे नाहीत.

– काका